वरच्या बाटलीतलं पाणी

"उद्या अकरा वाजता माझ्या दाराला सील लागणार आहे," असं म्हणत ती बाई खुर्चीत बसली, आणि भाऊजींचं लक्ष आधी तिच्या नखांकडे गेलं. दहाच्या दहा नखं निळी होती.

चष्म्याच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत माणसं सहसा चोरपावलांनी येतात. वहिनींच्या खासगी चौकशी कार्यालयात येणारा माणूस जिन्यात दोनदा थांबतो, मागे वळून बघतो आणि मगच दार वाजवतो. ही बाई मात्र धाडधाड चढून आली होती.

वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. पण आता सारा गावच त्यांना वहिनी म्हणतो. भाऊजींनी तीस वर्षं शाळेची बस चालवली. हल्ली ते वहिनींची गाडी चालवतात आणि स्वतःला त्यांचा उजवा हात समजतात. वहिनी डावखुऱ्या आहेत, ही गोष्ट वेगळी.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

"माझा कापड रंगवायचा कारखाना आहे, ओढ्याकाठी. मला सगळे नीळबाई म्हणतात. माझ्या वरच्या अंगाला दुधाच्या भुकटीचा कारखाना, खालच्या अंगाला मासे पाळायची तळी. सोमवारी सकाळी तळ्यांतले मासे पोट वर करून तरंगत होते. मंगळवारी पाणी निरीक्षकांनी ओढ्याचं पाणी दोन बाटल्यांत भरलं. एक माझ्या कारखान्याच्या वर, एक खाली. वरचं पाणी जिवंत निघालं, खालचं मेलेलं. मग मासे मारले कुणी? तर मधल्या बाईने."

"जिवंत म्हणजे?" भाऊजींनी विचारलं.

"पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव तरंगत असतात. प्लवक म्हणतात त्यांना. ते असले की पाणी जिवंत, नसले की मेलेलं. निरीक्षकांचं मोजायचं यंत्र महिनाभर दुरुस्तीला गेलंय, म्हणून सगळा निकाल या दोन बाटल्यांवर."

"आणि तुमच्या कारखान्याचं सांडपाणी?" वहिनींनी विचारलं.

"तीन हौदांतून निवळून सोडते. आईने बांधलेत ते. एकतीस माणसं आहेत माझ्याकडे, त्यातल्या चौघी आईच्या वेळच्या. उद्या त्यांना काय सांगू?" तिचा आवाज इथे पहिल्यांदा हलला. "मी तो ओढा रोज बघते, वहिनी. माझ्या दारात येतो तेव्हाच तो मेलेला असतो. पण बाटली माझ्याविरुद्ध बोलते. बाटलीपुढे माझं कोण ऐकणार?"

वहिनींनी चष्मा काढून पदराला पुसला. "कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरेल कसं?" भाऊजी म्हणाले. "ओढा वाहता आहे ना?"

वहिनींनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. भाऊजी किल्ली घेऊन खाली गेले.

*

निरीक्षकांनी वरची बाटली भरली ती जागा नीळबाईंनी दाखवली. कारखान्याचं सांडपाणी अजून वीसेक पावलं पुढे जाऊन ओढ्याला मिळत होतं. इथे ओढा उताराचा होता आणि घाईत होता.

"त्या दगडावर काय आहे बघा हो, भाऊजी," वहिनी काठावरूनच म्हणाल्या. चिखलात उतरायचं काम नेहमी उजव्या हाताकडे असतं.

भाऊजींनी पाय टाकला, दगड सटकला आणि डाव्या पायातली चप्पल निघून धारेला लागली. ते 'अरे अरे' म्हणेपर्यंत ती वळणाआड गेलीसुद्धा. नवी होती, म्हणून जास्त लागलं.

"दगड," वहिनींनी आठवण करून दिली.

"बुळबुळीत आहे. राखाडी लडी लोंबतायत, ओल्या कापसासारख्या. आणि वास येतोय आंबूस." त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं. भांडी विसळल्यावर बादलीत राहतं तसं ते राखट, गढूळ होतं.

"जिवंत पाणी म्हणे हे," नीळबाई पुटपुटल्या.

*

पाणी निरीक्षकांच्या टेबलावर कागदांना दाब म्हणून रिकाम्या बाटल्या ठेवलेल्या होत्या. माणूस सुकट, बोटं तपकिरी डागांनी भरलेली. नीळबाईंचं नाव काढताच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"गेल्या वर्षी या बाईने माझी तक्रार केली होती. मी ओढ्यावर जात नाही, खुर्चीत बसून अहवाल लिहितो म्हणे. या खेपेला स्वतः गेलो, गुडघाभर पाण्यात उतरलो. आता त्यांनी बोलू नये."

"बोटांना काय लागलंय?"

"आयोडीन. प्लवक बाटलीत एकमेकांना खातात, म्हणून काठावरच दोन थेंब टाकून त्यांना जागच्या जागी मारायचं. पाणी चहासारखं तांबूस झालं की झाकण लावायचं, वर चिठ्ठी चिकटवायची, बाटली पेटीत. बावीस वर्षांत कधी विसरलो नाही."

"पेटीला कुलूप?"

"कडी आहे." ते जरा अवघडले. "पाणी कोण चोरणार हो?"

"ओढ्यावरून तुम्ही थेट प्रयोगशाळेत गेलात?"

"वाटेत तळेवाल्यांकडे थांबलो. मेलेले मासे मोजायचे होते. पेटी त्यांच्या ओट्यावर ठेवली आणि त्यांच्या गड्याबरोबर कडेच्या तळ्यावर गेलो. तळेवाले गमबूट चढवून मागून आले, दहाएक मिनिटांनी. मग प्रयोगशाळा. बस."

बाहेर आल्यावर भाऊजींनी आवाज खाली केला. "वहिनी, हाच. तक्रारीचा डूख धरलाय याने."

"डूख धरलाय खरा," वहिनी म्हणाल्या. त्या एवढं सहज कबूल करतात तेव्हा आपण चुकलेले असतो, हे भाऊजींना अनुभवाने ठाऊक होतं.

*

प्रयोगशाळेतल्या बाई तरुण, उत्साही आणि नोकरीत नव्या होत्या. विचारलं एक की सांगणार चार.

"वरच्या बाटलीत तर नुसती जत्रा होती. हिरवे गोल गोल गोळे आणि पाण्यातल्या पिसवा. इतक्या उड्या मारत होत्या की भिंगाखाली एक जागेवर ठरेना. शेवटी आयोडीन टाकलं, तेव्हा कुठे मोजता आल्या."

"आयोडीन तुम्ही टाकलंत?"

"साहेब विसरले असणार. मी म्हटलं त्यांना, तर केवढे चिडले. मी नवी म्हणून गप्प बसले. खालच्या बाटलीत मात्र त्यांनी घातलं होतं."

"खालच्या बाटलीत काय होतं?"

"राखाडी तंतू, फुटकी कवचं. स्मशान नुसतं." त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "दोन्ही जपून ठेवल्यात."

"तुम्ही तो ओढा पाहिलाय?"

"मी?" बाई हसल्या. "मला कुठे वेळ. बाटल्या येतात, मी मोजते."

जिन्यात भाऊजी म्हणाले, "म्हणजे बघा, तो निरीक्षक विसरला आणि वर चोराच्या उलट्या बोंबा."

"किंवा ही मुलगी खोटं बोलतेय," वहिनी म्हणाल्या. "किंवा दोघंही खरं बोलतायत. ते सगळ्यात वाईट."

*

तळ्यांवर पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. काठाने चुना टाकला होता, तरी वास लपत नव्हता. तळेवाल्यांनी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. पन्नाशी उलटलेला, रुंद खांद्यांचा माणूस; पण खांदे पडलेले. टेबलाखाली त्यांचे गमबूट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले होते.

"घरात तरी काढा ते," त्यांची बायको म्हणाली, आणि पाहुण्यांकडे वळली. "सकाळी उठले की पायात. थेट रात्री निघतात, तेही मी ओरडले तर. लग्नाला उभे राहिले तेव्हा होते की नाही, मला आता आठवत नाही." तिचं लक्ष भाऊजींच्या अनवाणी पायाकडे गेलं. "आणि तुमची चप्पल हो कुठे गेली?"

"ओढ्याला दिली," भाऊजी म्हणाले.

"अकरा वर्षं," तळेवाले एकदम बोलले. त्यांचे डोळे टेबलावरच होते. "अकरा वर्षं जोपासलेली जात होती. प्रत्येक मासा मी हातात घेतलेला. वरून हे असं चहासारखं तांबडं पाणी येणार, मग मासे जगतील कसे?"

"तुमचा संशय कुणावर?"

"अहवालात आहे तेच. रंगवाल्या बाईंवर." ते उठून खिडकीशी गेले.

भाऊजींना दुसऱ्याचं दुःख सोसत नाही. विषय बदलावा म्हणून त्यांनी भिंतीवरचा फोटो न्याहाळला. एक तरुण बाई, कडेवर गुटगुटीत मूल. मागे पांढराशुभ्र उंच बुरूज आणि त्याच्या मध्यावर निळा पट्टा.

"लेक का? समुद्रकाठी दिलेली दिसते. दीपगृह आहे ना मागे?"

"दिलीय," तळेवाले म्हणाले, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. त्यांची बायको तोंड उघडणार होती, पण नवऱ्याकडे बघून तिने चहाचे कप उचलले.

जाताना ओट्यापलीकडे जाळी घातलेल्या मोठाल्या टबांची रांग दिसली. भाऊजींनी वाकून पाहिलं. हिरवट, शांत पाण्यात बारीक ठिपके लवलवत होते.

"पिल्लांचं खाणं," तळेवाले म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "पिसवा. ज्या पाण्यात या नाचतात ना, ते पाणी सोनं. आम्ही लोक दुसरी परीक्षा करत नाही."

*

भुकटीच्या कारखान्याचे मॅनेजर तरतरीत होते, कडक इस्त्रीचे आणि त्याहून कडक उत्तरांचे.

"आमचं सांडपाणी शुद्ध होऊनच जातं. तो बघा पंखा, पाण्यात हवा घुसळतो. दिवसरात्र चालू असतो."

पंखा स्थिर होता. "आत्ताच थांबवलाय," मॅनेजर म्हणाले. "तेलपाणी करायला."

भाऊजी जवळ गेले आणि हरखले. पंख्याच्या दोन पात्यांच्या बेचक्यात घरटं होतं आणि त्यातून तीन पिवळ्या चोची त्यांच्याकडे बघून आ वासत होत्या. त्यांनी वहिनींना हाक मारली. वहिनींनी ती पिल्लं पुष्कळ वेळ पाहिली. एरवी त्यांना पाखरांचं वेड नाही.

"मासे मेल्याचं कळलं का तुम्हाला?" त्यांनी परतताना विचारलं.

"कळलं. फार वाईट झालं," मॅनेजर म्हणाले. त्यांच्या उत्तरांची इस्त्री तेवढ्यापुरती मोडली. "घरात दोन दिवस चूल पेटली नाही आमच्या."

दुसऱ्याचे मासे मेले म्हणून याच्या घरी चूल का पेटू नये, हे भाऊजींना कळलं नाही. पांढऱ्या उंच टाकीवरचा निळा पट्टा त्यांना छान वाटला, एवढंच. वहिनींनी त्यांना कारखान्याच्या वर शंभर पावलं चालवलं, एका चपलेवर. तिथे ओढा नितळ होता आणि दगडांवर तपकिरी, पातळ साय होती. राखाडी लड एकही नव्हती.

"झालं आपलं काम," वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा काम झालेल्या माणसासारखा मुळीच नव्हता.

*

सकाळी दहा वाजता प्रयोगशाळेत सगळे जमले. निरीक्षकांच्या पिशवीत लाख आणि शिक्का होता. नीळबाई उभ्याच राहिल्या. मॅनेजर घड्याळ बघत होते. तळेवाले कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, मांडीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. गमबूट पायात होतेच. वहिनींच्या सांगण्यावरून बाईंनी वरच्या बाटलीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली लावून ठेवला होता.

"निरीक्षक म्हणतात, मी काठावर आयोडीन घातलं," वहिनींनी सुरुवात केली. "बाई म्हणतात, पिसवा उड्या मारत होत्या. मेलेली पिसू उडी मारत नाही. तेव्हा दोघांपैकी एक खोटं बोलतंय, असं वाटतं. पण दोघंही खरं बोलत असतील तर? तर एकच अर्थ उरतो. काठावर भरलेलं पाणी आणि इथे पोचलेलं पाणी एक नव्हतं. वाटेत कुणीतरी बाटली ओतून, धुऊन दुसऱ्या पाण्याने भरली."

"कशावरून?" मॅनेजर म्हणाले. "यांच्यापैकीच कुणी खोटं बोलत नसेल कशावरून?"

"निरीक्षकांना बाटली बदलायची असती तर त्यांनी नव्या पाण्यातही आयोडीन घातलं असतं. बावीस वर्षांची सवय आहे, हात आपोआप गेला असता. आणि या बाईंनी लबाडी केली असती, तर उड्यांची गोष्ट त्या आम्हाला हौसेने सांगत बसल्या नसत्या."

निरीक्षकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली.

"आता पाणी आलं कुठून? पिसू संथ पाण्यात राहते. वरच्या जागी ओढ्याला इतकी धार आहे की आमच्या भाऊजींची चप्पल टिकली नाही, तिथे पिसवांची जत्रा काय भरणार? बाईंनी ओढा पाहिला असता तर त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं असतं. ते पाणी डबक्यातलं किंवा तळ्यातलं होतं."

"संथ पाणी काय, गावात दहा ठिकाणी सापडेल," कोपऱ्यातून तळेवाले म्हणाले.

"सापडेल. पण पेटी वाटेत एकाच ठिकाणी थांबली. तुमच्या ओट्यावर. निरीक्षक पुढे गेले आणि तुम्ही गमबूट चढवायला मागे राहिलात. तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे की ते चढवायला आधी काढावे लागतात, आणि तुम्ही ते काढतच नाही."

भाऊजींनी त्या बुटांकडे पाहिलं. काल ते त्यांच्या समोर दोन हातांवर होते, आणि त्यांना त्यात फक्त चिखल दिसला होता.

"शिवाय तुम्ही म्हणालात, चहासारखं पाणी येतंय वरून. ओढ्याचं पाणी राखट आहे. चहासारखं पाणी फक्त त्या दोन बाटल्यांत होतं, आयोडीनमुळे. पेटी उघडून पाहिल्याशिवाय तो रंग दिसला नसता. तुम्हाला वाटलं, ही वरची घाणच आहे. म्हणून तुम्ही ती ओतून दिलीत."

वहिनींचा आवाज मऊ झाला.

"जरा इकडे या. एकदा भिंगातून बघा."

ते जड पावलांनी आले, वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"ओळखीच्या वाटतात?"

"न ओळखायला काय झालं," ते भिंगाला डोळा लावूनच म्हणाले. "रोज सकाळी खायला घालतो मी यांना. तिसऱ्या टबातल्या आहेत. सगळ्यात चांगलं पाणी त्याच टबात होतं."

निरीक्षकांनी लाखेची पिशवी टेबलावर ठेवली.

"इथेच चुकलात तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी नळाचं पाणी भरलं असतं. तुम्ही तळेवाले. चांगलं पाणी दाखवायचं म्हणजे पिसवांचं पाणी, हेच तुमच्या हाताला माहीत."

"पण का?" नीळबाई पुढे आल्या. "मासे तुमचे मेले. खरा गुन्हेगार सापडायला तुम्हालाच हवा होता."

"त्यांना तो पहिल्या दिवसापासून ठाऊक होता," वहिनी म्हणाल्या. "बाटली बदलता येते, दगड बदलता येत नाहीत. तुमच्या कारखान्याच्या वरच राखाडी लडी आहेत, आंबलेल्या दुधाच्या पाण्यावर वाढतात तशा. खालच्या बाटलीतले तंतू त्यांचेच. भुकटीच्या कारखान्याच्या वर मात्र ओढा नितळ आहे. आणि तेलपाण्यासाठी आत्ताच थांबवलेल्या पंख्यात पाखरू घरटं बांधून, अंडी उबवून, पिल्लं भरवत नाही. तो पंखा महिनाभर तरी फिरलेला नाही, आणि पाण्यात हवा नाही म्हणून मासे गुदमरले."

मॅनेजरांनी घड्याळ बघायचं थांबवलं.

"वरची बाटली खरी निघाली असती तर सील त्या दाराला लागलं असतं. यांच्या भिंतीवरच्या फोटोत त्या दाराशी, निळ्या पट्ट्याच्या पांढऱ्या टाकीसमोर, यांची लेक नातवाला घेऊन उभी आहे. भाऊजींना ते दीपगृह वाटलं. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करणार?"

"मामा," मॅनेजर तळेवाल्यांना म्हणाले, "मी तुम्हाला हे करायला सांगितलं नव्हतं."

"नाही सांगितलं," तळेवाले म्हणाले. "पंखा दुरुस्त करा, एवढं मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं, जावईबापू."

निरीक्षकांनी लाखेची पिशवी काखेला मारली आणि तीन कोऱ्या बाटल्या उचलल्या. "मी आत्ता ओढ्यावर जातो. तिन्ही जागचं पाणी नव्याने भरतो." ते दारात थबकले. "बाई, तुम्हीही चला. ओढा बघून घ्या." मॅनेजर त्यांच्या मागोमाग मुकाट निघाले.

नीळबाई वाचल्या होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "वीस वर्षांचा शेजार आपला," त्या तळेवाल्यांना म्हणाल्या. "एका लेकीसाठी माझी एकतीस घरं?"

"मोजली नव्हती," ते म्हणाले. "एकच दिसत होतं."

नीळबाई निघून गेल्या, आल्या होत्या त्यापेक्षा पुष्कळ हळू.

तळेवाल्यांनी स्टुलावरचं कागदाचं पुडकं उचललं, सोडलं आणि आतली चप्पल भाऊजींच्या पायाशी ठेवली. नीट, सरळ करून.

"आज सकाळी माझ्या जाळीला अडकली होती," ते म्हणाले. "वर कुणाचं काहीही सुटो, येतं माझ्याच दारात."

भाऊजींनी पायातली जुनी चप्पल काढून ही घातली. ती अजून ओली होती, आणि तिला आंबलेल्या दुधाचा वास येत होता.